कवटीवरचे निळे फुलपाखरू

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासमंडळात एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश चित्रांवर बैठक झाली. पडद्यावर फ्रँक ब्रॅमलीचे 'अ होपलेस डॉन' आले. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या न्यूलिन गावात त्याने ते १८८८ साली रंगवले. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. कोळ्याचे घर. खिडकीबाहेर रात्रभर खवळलेला, अजून न निवलेला समुद्र. पांढरे कापड घातलेले टेबल, विझत आलेली मेणबत्ती. खाली जमिनीवर तरुण सून सासूच्या मांडीत तोंड लपवून कोसळली आहे. खिडकीपाशी बायबल उघडे पडले आहे. कोण परतले नाही हे सांगायला चित्राला पुरुषाची आकृती लागलेली नाही. दोन मिनिटे कुणी काही बोलले नाही, आणि मग जे बोलणे सुरू झाले त्याने मी घरी येईपर्यंत अस्वस्थ होतो.

एका बाजूचे म्हणणे होते की हा निव्वळ रडवेपणा आहे. मरण, विधवा, मेणबत्ती आणि धर्मग्रंथ एकत्र आणून बघणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढायची ही युक्ती आहे, आणि आधुनिक चित्रकलेने ती फेकून दिली हे बरेच झाले. दुसरी बाजू तितक्याच जोराने सांगत होती की त्या माणसांची देवावर गाढ श्रद्धा होती, म्हणून त्यांना मरणाकडे असे टक लावून पाहता येत होते. आपली श्रद्धा गेली आणि तिच्याबरोबर शोक करण्याची ताकदही गेली. तासभर हे चालले. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता धरून चालली होती, ती म्हणजे या चित्रांमधली श्रद्धा पक्की आहे. एकाला ती खोटी वाटत होती, दुसऱ्याला हवीशी. पण ती तिथे आहे का? बायबल उघडे आहे खरे. ते वाचते आहे कोण?

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या शोकचित्रांपैकी जी खरोखर चांगली आहेत, त्यांनी श्रद्धेचा विजय रंगवलेला नाही. श्रद्धा जिथे अडखळते ती जागा त्यांनी रंगवली. माणूस मेला आहे, धर्माने दिलेले वचन समोर आहे, आणि वचन व मृतदेह यांच्यामध्ये एक जिवंत माणूस उभा आहे ज्याला अजून उत्तर मिळालेले नाही. त्या काळच्या चित्रकारांनी ही मधली जागा जितक्या प्रामाणिकपणे आणि जितक्या वेळा रंगवली, तितकी त्याआधी क्वचितच कुणी रंगवली असेल. उलट, ज्या चित्रांत उत्तर घाईने पुरवले आहे ती चित्रे खोटी पडतात. या चित्रांना रडवी म्हणून मोडीत काढणारे आणि श्रद्धेचे पुरावे म्हणून पुजणारे, दोघेही तो प्रश्न बघायचे टाळतात.

हेन्री अलेक्झांडर बोलर हे नाव आज फारसे कुणाच्या कानावर नसते. पण १८५५ साली लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात त्याने मांडलेले चित्र या वादात सगळ्यात आधी पाहायला हवे. त्याचे शीर्षक असे: 'शंका: ही सुकलेली हाडे सजीव होतील काय?' एक तरुणी चर्चच्या आवारातल्या थडग्याच्या दगडावर हात टेकून, वाकून खाली बघते आहे. दगडावर नाव आहे जॉन फेथफुल, म्हणजे आडनावानेच श्रद्धावान. त्याच दगडावर येशूचे वचन कोरले आहे, 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे.' आणि त्या वचनाच्या पायथ्याशी माती उकरली जाऊन जॉन फेथफुलची कवटी आणि हाडे उघडी पडली आहेत. कवटीवर एक निळे फुलपाखरू बसले आहे. जवळच्या शिळेवर 'मी पुन्हा उठेन' अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे आणि तिथेच चेस्टनटच्या एका बीला कोंब फुटला आहे. कुणी म्हणेल, मग झाले की! फुलपाखरू म्हणजे आत्मा, कोंब म्हणजे पुनर्जीवन. चित्रकाराने उत्तर दिले आहे. चित्राचा कल आशेकडे आहे हे मला मान्य आहे. पण मग शीर्षकाचा पहिला शब्द 'शंका' का? आणि हा प्रश्न कुठून आला आहे ते पाहा. बायबलमध्ये यहेज्केल संदेष्ट्याला देव हाडांनी भरलेल्या खोऱ्यात उभे करून हेच विचारतो. संदेष्टा 'हो' म्हणत नाही. तो म्हणतो, 'हे प्रभू परमेश्वरा, तूच जाणतोस.' पुढे खोऱ्यातली हाडे उठतात, पण बोलरने खोरे रंगवले नाही. त्याने प्रश्न विचारला जातो तो क्षण निवडला, आणि संदेष्ट्याच्या जागी एक सामान्य तरुणी उभी केली, जिला देवाचा आवाज ऐकू येत नाही.

श्रद्धेच्या सुवर्णकाळाची हळहळ करणाऱ्यांचे म्हणणे अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. त्या घरांत बिछान्याशी प्रार्थना होत होत्या. रविवार पाळला जात होता. मरणाऱ्याचे शेवटचे शब्द घरचे लिहून ठेवत. दुखवटा किती दिवस, कोणी, कोणत्या कपड्यात पाळायचा याचे नियम ठरलेले होते, आणि त्या नियमांनी कितीतरी बायकांना कोसळण्यापासून वाचवले असणार. सुतकाचे तेरा दिवस ज्या घराने नीट पाळले आहेत त्याला रीतीचा हा आधार समजावून सांगावा लागत नाही. आज दुपारी जाळून आलेला माणूस परवा कामावर हजर होतो, याबद्दलची त्यांची बोचणीही खरी आहे. पण रीत भक्कम असणे आणि विश्वास भक्कम असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंबहुना आतला विश्वास हलायला लागला की माणूस रीत जास्तच घट्ट धरतो.

आणि विश्वास हलत होता, याचे पुरावे त्या काळाने स्वतःच मागे ठेवले आहेत. १८५१ सालच्या वसंतातले फक्त आठ आठवडे घ्या. ३० मार्चला इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रार्थनेला किती माणसे जातात याची सरकारी मोजणी झाली. आकडे बाहेर आले तेव्हा पाद्री हादरले, कारण जाऊ शकणाऱ्यांपैकी जवळपास निम्मी माणसे गेलीच नव्हती. २३ एप्रिलला माल्व्हर्न गावी चार्ल्स डार्विनची १० वर्षांची मुलगी ॲनी गेली. बापाने आठवड्याभरात तिच्या आठवणी लिहून काढल्या. आपण तिच्यावर किती माया करतो हे तिला आत्ता कळू शकले असते तर, असा एक उसासा त्यांत आहे. आणि मे महिन्यात कलासमीक्षक जॉन रस्किनने मित्राला पत्रात लिहिले की भूगर्भशास्त्रज्ञांच्या हातोड्यांनी आपली श्रद्धा खिळखिळी केली आहे, बायबलच्या ओळीओळीच्या शेवटी त्यांचा ठणठणाट ऐकू येतो. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ यायला अजून आठ वर्षे होती! तो ठणठणाट विल्यम डाइसच्या 'पेग्वेल बे' या चित्रात दिसतो; हो, दिसतो असेच म्हणावे लागेल. केंटच्या किनाऱ्यावर ५ ऑक्टोबर १८५८ च्या संध्याकाळची ही आठवण. ओहोटीच्या वाळूत डाइसच्या घरच्या बायका आणि एक मुलगा शिंपले वेचत आहेत, मागे खडूच्या कड्यांचे थर, आणि वर आकाशात दोनातीचा धूमकेतू, इतका फिकट की शोधावा लागतो. डाइस चर्चचा निष्ठावान माणूस होता. इंग्लंडला ख्रिस्ती धर्म सांगायला आलेला संत ऑगस्टिन ५९७ साली याच किनाऱ्याला लागला असे मानतात. तरी चित्रात क्रूस नाही, चर्च नाही. माणसे एकमेकांकडे बघत नाहीत, आणि मागचे कडे कुठल्याही धर्मग्रंथाहून जुने आहेत. इथे कुणी मेलेले नाही. तरी हे चित्र पाहताना सुतकी घरात पाऊल टाकल्यासारखे का वाटते?

आता होलमन हंट. त्या काळातले सर्वांत गाजलेले धार्मिक चित्र त्याचे, 'द लाइट ऑफ द वर्ल्ड', १८५३ साली पुरे झालेले. हातात कंदील घेतलेला ख्रिस्त रात्री एका दारावर थाप मारतो आहे. या चित्राच्या छापील प्रती घरोघर टांगल्या गेल्या. म्हातारपणी हंटने काढून घेतलेली त्याची मोठी आवृत्ती १९०५ ते १९०७ या काळात कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका अशी फिरली, लोकांच्या रांगा लागल्या, आणि शेवटी ती लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये विसावली. श्रद्धेचे चित्र म्हणून याहून मोठे उदाहरण सापडणार नाही. पण चित्रात आहे काय? बंद दार. रानटी वेलींनी ते वेढले आहे आणि त्याला बाहेरून मूठ नाही. हंटने मुद्दाम ठेवली नाही, कारण हे दार फक्त आतून उघडते. आतला माणूस उठला का, हे चित्र सांगत नाही. आणि हाच हंट स्वतः शोकात बुडाला तेव्हा त्याच्या हातून काय उतरले? लग्नाला पुरते वर्षही झाले नसताना, १८६६ च्या डिसेंबरात, फ्लॉरेन्समध्ये बाळंतपणानंतर त्याची बायको फॅनी गेली. तिचे थडगे त्याने स्वतः घडवायला घेतले, आणि आधीपासून हाती असलेले 'इझाबेला' पुरे केले. तिच्याच चेहऱ्यामोहऱ्यावरून घेतलेली इझाबेला एका कुंडीला मिठी मारून उभी आहे. कुंडीत तिच्या खून झालेल्या प्रियकराचे शिर पुरले आहे आणि त्यावर तुळशीच्या जातीचे झुडूप माजले आहे. कुंडी ठेवली आहे ती गुडघे टेकून प्रार्थना करायच्या नक्षीदार आसनावर. हे चित्र केवळ शोकातून जन्मले असे मी म्हणत नाही; फॅनी जिवंत असतानाच ते सुरू झाले होते आणि कथा जुनी आहे. पण जगाला दारावरचा ख्रिस्त देणाऱ्या माणसाने बायको पुरून आल्यावर प्रार्थनेच्या जागी मातीची कुंडी ठेवलेले चित्र महिनोन्‌महिने बसून संपवले, हे विसरून त्याच्या श्रद्धेबद्दल बोलता येणार नाही.

दुसऱ्या बाजूकडे वळतो. तिचे म्हणणे अधिक जड आहे, आणि ते ज्याने उत्तम मांडले त्याच्याकडूनच ऐकावे. क्लाइव्ह बेल या समीक्षकाने १९१४ साली ल्यूक फाइल्ड्सच्या 'द डॉक्टर' या, आजारी मुलाजवळ बसलेल्या डॉक्टरच्या चित्राबद्दल लिहिले की हे कलाकृती नाहीच. आणि त्याहून वाईट म्हणजे यातली भावना खोटी आहे. आपल्या मनात करुणा जागी होते असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात आपण किती करुणावान आहोत याचे समाधान आपण चघळत असतो. हा वार खोल आहे. शोकाचे चित्र बघताना आपण मेलेल्यासाठी रडतो की स्वतःच्या हळवेपणावर खूश होतो, हा प्रश्न मलाही स्वतःला विचारावा लागतो. आणि त्या काळी शोकाचा बाजार होता हेही खोटे नाही. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८४१ पासून निव्वळ दुखवट्याच्या कपड्यांचे प्रचंड दुकान होते; विधवेचे काळे क्रेप कापड विकून गिरणीवाले श्रीमंत झाले. १४ डिसेंबर १८६१ ला राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट गेला आणि राणीने पुढची जवळपास चाळीस वर्षे, स्वतःच्या मरणापर्यंत, काळे उतरवले नाही. त्या राजघराण्याच्या शोकाचा एक तुकडा आपल्या भायखळ्यालाही आहे. १८७२ साली उघडलेल्या आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेल्या संग्रहालयात डेव्हिड सॅसून यांनी दिलेला अल्बर्टचा संगमरवरी पुतळा अजून उभा आहे. फ्रँक हॉलने १८६८ साली रंगवलेले अनाथ भावंडांचे चित्र राणीला हवे होते, मालकाने ते सोडले नाही, म्हणून हॉलने तिच्यासाठी कोळ्याच्या घरातल्या आकांताचे दुसरे चित्र काढले. गरिबाच्या घरातला आकांत राजवाड्याच्या भिंतीवर गेला. ही गोष्ट टोचत नाही असे कोण म्हणेल?

मला टोचते. पण बाजार होता म्हणून दुःख नव्हते, हे अनुमान कुठले? त्या काळात इंग्लंडमध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे १५० मुले वर्षाच्या आत जात होती. म्हणजे दर सात पाळण्यांत जवळपास एक पाळणा वर्षाच्या आत रिकामा झालेला. आमच्या आजीला मुले किती विचारले की ती म्हणायची, 'आठ झाली, चार राहिली,' आणि पुढच्या कामाला लागायची. त्या 'झाली' आणि 'राहिली' यांच्या मधल्या चार मुलांचे चित्र कुणी काढले असते तर त्याला रडवे म्हणण्याची हिंमत मला झाली नसती. फ्रँक हॉलने ते काढले आहे. 'हर फर्स्टबॉर्न', १८७६, हॉर्शम गावचे दफनस्थान: चिमुकली शवपेटी पुढे आणि मागून चालणारे आईबाप. यात युक्ती कुठली शोधायची? चिमुकल्या शवपेटीला चिमुकलीच रंगवावे लागते. आर्थर ह्यूजच्या 'होम फ्रॉम सी' मध्ये समुद्रावरून परतलेला पोरगा आईच्या थडग्यावर गवतात तोंड खुपसून पालथा पडला आहे. शेजारी काळ्या कपड्यांत बहीण बसली आहे. आई गेली हे तिला आधीपासून ठाऊक आहे, त्याला आत्ता कळले आहे. आणि भोवती वसंत आहे, ऊन आहे, पाते न् पाते जणू मोजून रंगवलेले गवत आहे. खोटी भावना असलेला चित्रकार आकाश काळवंडवतो, झाडे वाकवतो. ह्यूजने जगाला पोराच्या दुःखात सामील होऊ दिले नाही. ज्याने ऐन वैशाखाच्या लख्ख दुपारी स्मशानातून परतताना रस्त्यावर नेहमीसारखी रहदारी पाहिली आहे, त्याला ह्यूजचे खरे वाटेल.

राणीला न मिळालेल्या त्या चित्राचे नावच मोठे वाक्य आहे: 'परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम.' पोरकी भावंडे दुखवट्याच्या कपड्यांत टेबलाभोवती जमली आहेत आणि थोरला भाऊ उभा राहून प्रार्थना म्हणतो आहे. रडवेपणाचा आरोप करणारा म्हणेल, बघा, धर्माची मलमपट्टी. श्रद्धेचा भक्त म्हणेल, बघा, केवढी शरणागती. पण हे वाक्य बायबलमधल्या ईयोबाचे आहे, मुले आणि सर्वस्व गमावलेल्या माणसाचे, आणि त्या काळचा जवळजवळ प्रत्येक प्रेक्षक बायबल जाणत होता. हे वाक्य ईयोबाच्या ग्रंथात पहिल्या अध्यायात येते. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपण जन्मलो त्या दिवसाला शाप देतो, आणि मग पानेच्या पाने देवाला जाब विचारतो. हॉलच्या चित्रातली भावंडे पहिल्या अध्यायात आहेत. पुढचे अध्याय त्यांच्या आयुष्यात यायचे आहेत हे बघणाऱ्याला ठाऊक होते. दुष्काळात बायको गेल्यावर 'बरे झाले' म्हणणाऱ्या तुकोबांचे विठ्ठलाशी आयुष्यभर चाललेले भांडण ज्या मराठी माणसाने ऐकले आहे, तो 'धन्य परमेश्वराचे नाम' हे वाक्य समाधानाचे म्हणून वाचणार नाही. ते दात आवळून म्हटलेले वाक्य आहे.

मग या प्रकारची खोटी चित्रे नव्हतीच का? होती, आणि त्यांतले सर्वांत खोटे चित्र आपल्या मातीशी जोडलेले आहे. १८५८ साली जोसेफ नोएल पेटनने रॉयल अकादमीत 'इन मेमोरियम', म्हणजे 'स्मरणार्थ', हे चित्र मांडले. कवी टेनिसनने मित्राच्या मृत्यूवर लिहिलेल्या आणि १८५० साली आलेल्या दीर्घ शोककाव्याचे नाव त्याने घेतले होते. विषय कानपूर, १८५७. पुण्याच्या पेशव्यांचे दत्तक वारस नानासाहेब ज्या उठावात पुढे होते, त्यात बिबीघरात सुमारे २०० इंग्रज बायका आणि मुले मारली गेली. चित्रात तळघरात कोंडलेल्या बायका-मुले आहेत, मध्यभागी बायबल हाती घेतलेली एक स्त्री वर बघते आहे, आणि दारातून शिपाई आत घुसत आहेत. चित्र त्या स्त्रियांच्या ख्रिस्ती धैर्याला अर्पण केलेले होते. पण प्रेक्षकांना ते सोसवले नाही. इतकी ओरड झाली की पेटनने शिपाई पुसून टाकले आणि त्यांच्या जागी सुटकेला आलेले इंग्रज फौजेतले स्कॉटिश हायलँडर सैनिक रंगवले. हे पुन्हा वाचावे इतके महत्त्वाचे आहे. मूळ चित्रात प्रार्थना होती आणि तिला उत्तर नव्हते. प्रत्यक्षातही नव्हते, कारण इंग्रज सेनापती हॅवलॉकची फौज कानपुरात शिरली तेव्हा बिबीघरात कुणी जिवंत नव्हते. नव्या चित्रात प्रार्थनेला उत्तर आले, ते संगिनींच्या रूपात. मेलेल्या बायकांना चित्रकाराने जिवंत केले आणि त्यांच्या शोकाचे विजयात रूपांतर केले. त्याच कानपुरात इंग्रजांनी पकडलेल्या माणसांना फाशी देण्याआधी बिबीघरातले रक्त चाटायला लावले. त्या माणसांसाठी आणि वाटेवरच्या गावांत झाडांना टांगलेल्यांसाठी कुणा इंग्रज चित्रकाराने 'स्मरणार्थ' असे लिहिले नाही. साम्राज्याची चाकरी केल्याचा आरोप या चित्रांवर होतो. पेटनच्या बाबतीत तो पूर्ण खरा आहे, आणि बिबीघरातल्या मुलांचा खून भयंकर होता हे मान्य करूनही तो खराच राहतो.

पण हे उदाहरण सिद्ध काय करते? व्हिक्टोरियन शोकचित्र मुळातच खोटे असते, असे तर नक्कीच नाही. पेटनला आपले चित्र खोटे करण्यासाठी ते बदलावे लागले! श्रद्धा आणि मृत्यू यांच्या मधली उघडी जागा होती तोवर ते चित्र प्रेक्षकांना असह्य होते. ती जागा सैनिकांनी बुजवल्यावर ते सुसह्य झाले. चित्रकार जॉन एव्हरेट मिलेच्या 'द व्हेल ऑफ रेस्ट' मध्ये मावळतीच्या उजेडात एक नन कबर खणते आहे आणि दुसरी शेजारी बसून थेट आपल्याकडे पाहते आहे. १८५९ साली लोकांनी त्यावर टीका केली ती या बायका कुरूप आहेत म्हणून. मला वाटते, कुरूपतेहून ती नजर जास्त बोचली असावी. कबर कुणासाठी आहे हे ती नजर सांगत नाही, आणि बघणाऱ्याला एवढेच सोसत नाही.

या चित्रांतल्या धर्मग्रंथाचा माग काढला तर एक प्रवास दिसतो. १८३७ साली एडविन लँडसीयरने म्हाताऱ्या मेंढपाळाची शवपेटी रंगवली, तिच्यावर हनुवटी टेकून बसलेला त्याचा कुत्रा, दुसरे कुणी नाही. तिथे बायबल मिटलेले आहे आणि चष्मा जवळच ठेवलेला, कालपरवापर्यंत वाचणारा कुणी होता याची खूण. १८८८ च्या ब्रॅमलीच्या घरात बायबल उघडे आहे आणि वाचणारा नाही. आणि १८९१ च्या फाइल्ड्सच्या 'द डॉक्टर' मध्ये, ज्याला बेलने खोटे म्हटले, ना पाद्री आहे ना क्रूस. झोपडीत दोन खुर्च्या जोडून केलेल्या बिछान्यावर आजारी मूल आहे आणि हनुवटी हातावर टेकून त्याच्याकडे बघत बसलेला डॉक्टर. पूर्वी बिछान्याशी पाद्री बसायचा तिथे आता औषधाची बाटली जाणणारा माणूस बसला आहे, आणि खरे तर त्याच्याकडेही त्या घटकेला करण्यासारखे काही उरलेले नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने १९४९ साली सरकारी आरोग्यविम्याविरुद्धच्या प्रचारात हे चित्र वापरले. लहानपणी आमच्या गावच्या दवाखान्यातही त्याची विटलेली प्रत होती. ताप मोजून होईपर्यंत मी त्या पोराचा लोंबता हात बघत बसायचो. ते जगले की नाही हे मला हवे असायचे आणि चित्र सांगायचे नाही.

फाइल्ड्सचा थोरला मुलगा फिलिप १८७७ च्या नाताळच्या सकाळी गेला. त्याच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरचे ते बसणे बाप विसरला नाही, आणि पुढे, टेट संग्रहालयाला ज्याचे नाव आहे त्या हेन्री टेटने मोठे चित्र मागितले तेव्हा त्याने हे काढले. बेलला हे माहीत होते की नाही, याने फरक पडत नाही. चित्र चित्रावरच तोलले पाहिजे. तर चित्राकडेच पाहू. डाव्या बाजूला दिवा आहे आणि त्याचा उजेड डॉक्टरच्या आणि मुलाच्या अंगावर पडला आहे. मागे अंधारात आईने टेबलावर डोके टाकून तोंड लपवले आहे. बाप तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे आणि डॉक्टरच्या चेहऱ्यावर काही दिसते का ते शोधतो आहे. त्यांच्या मागच्या छोट्या खिडकीतून पहाटेचा पहिला उजेड आत येऊ लागला आहे. आई बघत नाही, बाप मुलाकडे बघत नाही, डॉक्टरची नजर मुलावरून हललेली नाही, आणि मुलाचे डोळे मिटलेले आहेत.